म्हातारीच्या खाचरावरचे कुरव

आमच्या संसारात दागिन्यांवरून कधी भांडण झालं नाही, कारण दागिनेच नव्हते. सासूबाईंवरून झालं नाही, कारण त्या दूर कोकणात. आमची जी काही भांडणं झाली ती सगळी पाखरांवरून.

आमचे हे मुळशी पेट्यात मास्तर होते. मालेच्या पुढं, धरणाच्या पाण्याकाठी सरकून बसलेलं एक गाव होतं, तिथं देवळाच्या पडवीत शाळा भरायची. धरण भरून दोन पावसाळे झाले होते. एवढा सत्याग्रह झाला, पण पाणी यायचं ते आलंच, आणि खालची गावं, खाचरं, आमराया सगळं पोटात घेऊन पसरलं. माणसं डोंगराच्या अंगाला वर चढली. त्यांच्याबरोबर शाळा वर आली आणि शाळेबरोबर आम्ही.

ह्यांचं गाव समुद्राकाठचं. माझं माहेर भुकूमचं. समुद्र मी चित्रातसुद्धा पाहिला नव्हता, आणि ह्यांना समुद्रावाचून दुसरं बोलायला नव्हतं. भात कसं झालंय विचारलं तरी उत्तरात कुठून तरी भरती-ओहोटी यायचीच. अशा माणसाच्या दारात सरकारनं एवढं मोठं पाणी आणून ठेवलं, मग काय विचारता! पहाटे उठले की हे पाण्यावर. ह्यांच्या मामांनी आगबोटीवर नोकरी केली होती, त्यांची एक दुर्बीण ह्यांच्याकडे होती. दोन नळ्यांची, पण डाव्या नळीतून नुसतं धुकं दिसायचं. हे डावा डोळा मिटून तासन्‌तास काठावर उकिडवे बसायचे आणि मी इकडे दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी. ह्यांनी सांगावं, "आलोच." आणि यावं शाळेच्या घंटेला.

एके दिवशी सकाळी हे धावत आले. हातात तांब्या होता, तो रिकामा. दूध आणायला पाठवलं होतं.

"अगं, कुरव आले!"

"दूध कुठंय?"

"दोन कुरव! समुद्रावरचे! इथं, घाटावर! अगं, लहानपणी आमच्या बंदरात होड्यांमागं ओरडत यायचे तेच!"

मी म्हटलं, कुरवांना म्हणावं येताना दूध घेऊन या. ह्यांनी ऐकलं नाही. बसून एक लांबलचक पत्र लिहिलं पुण्याच्या प्रोफेसरांना. हे प्रोफेसर म्हणजे ह्यांचे जुने गुरू. पक्ष्यांच्या बाबतीत त्यांनी मान हलवली की तो पक्षी, नाही हलवली तर नाही, असा त्यांचा दरारा. पत्र गेलं आणि हे उत्तराची वाट बघत बसले.

उत्तर आलं ते कार्डावर. आमचा टपालवाला आठवड्यातून दोनदा पौडाहून यायचा. कार्ड उघडं ठेवलेलं असतं ते सगळ्यांनी वाचावं म्हणूनच, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे कार्ड आमच्या दारात पोचायच्या आधी पारावरच्या मंडळींना तोंडपाठ झालं होतं. त्यात लिहिलं होतं, "कुरव हा समुद्राचा पक्षी. तो घाट चढून मुळशीस येत नाही. घरची आठवण फार झाली म्हणजे बगळाही कुरव दिसू लागतो. प्रकृतीस जपावे."

त्या "प्रकृतीस जपावे"नं घात केला. पारावरून जाताना माणसं ह्यांना विचारू लागली, "काय मास्तर, बरं हाय न्हवं?" पोरांनी शाळेत कोंबडीला कुरव म्हणायला सुरुवात केली. ह्यांनी दुर्बीण तांदळाच्या कणगीवर ठेवून दिली आणि चार दिवस पाण्याकडं फिरकले नाहीत. दूध वेळेवर येऊ लागलं. हे घरात बसून भिंतीकडे बघत.

आता खरं सांगायचं तर मला हेच हवं होतं. पण मिळालं तेव्हा सहन होईना. माझ्या नवऱ्याला वेडा म्हणायचा हक्क माझा. तो मी रोज बजावत होते. पुण्याच्या कुणी कार्डावर लिहून आणि टपालवाल्यानं पारावर वाचून म्हणावं, हे मला खपणार नव्हतं. पाचवे दिवशी हे शाळेत गेल्यावर मी दौत काढली आणि ह्यांच्या नावानं प्रोफेसरांना पत्र लिहिलं, पारावर वाचलं जाऊ नये म्हणून बंद पाकिटातलं. माझं शिक्षण मराठी पाचवी, पण अक्षर ह्यांच्यापेक्षा बरं. लिहिलं, "आपण दिवाळीच्या सुट्टीत येऊन स्वतः पाहावे. कुरव न दिसल्यास मी पक्षी पाहणे कायमचे सोडीन." आणि खाली ह्यांची सही ठोकून दिली.

त्या वेळी मनात थोडं कपटही होतं, ते लपवत नाही. म्हटलं, दिसले तर ह्यांचा शब्द खरा, न दिसले तर माझं दूध खरं. दोन्हीकडून आपलंच.

प्रोफेसरांचं उलट टपाली उत्तर आलं. येतो. एवढंच. ह्यांना वाटलं, आपणहोऊनच येताहेत. हरखून गेले. दुर्बीण कणगीवरून खाली आली, चिंचेनं घासली गेली. पण लगेच काळजीही लागली. कुरव रोज एकाच जागी थोडेच बसतात? पाणी केवढं, पाहुणा एक दिवसाचा. कुठं न्यायचं त्यांना?

मी पाणवठ्यावर बायकांना विचारलं, "पाखरांतलं इथं सगळ्यांत जास्त कुणाला कळतं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्या एकदम म्हणाल्या, "म्हातारीला."

ही म्हातारी वरच्या आळीत एकटी राहायची. वाळलेल्या खारकेसारखी, पण ताठ. तिचं काम एकच. भात पिकायला लागलं की लोकांच्या खाचरातल्या माळ्यावर चढून बसायचं आणि पाखरं हाकलायची. खाचर म्हणजे आमच्या इकडची भाताची बांधलेली जमीन. एका खाचराची राखण केली की त्या घरून तिला वर्षाचं भात मिळायचं. हातात गोफण, ओटीत खडे, आणि तोंडात अशी एक आरोळी की पलीकडच्या डोंगरावरची गुरं माना वर करायची. चाळीसएक वर्षं तिनं पाखरांशिवाय दुसऱ्या कशाकडे पाहिलं नव्हतं. मग पाखरं तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळणार?

मी तिच्या दारात गेले आणि पाहुणे पाखरं बघायला येणार असल्याचं सांगितलं.

"बघून काय करनार?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही. नुसतं बघणार."

"खानार न्हाई?"

"नाही गं आजी."

"मंग हाकलनार?"

"तेही नाही. बघणार आणि वहीत लिहिणार."

म्हातारी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मास्तरीनबाई, घरात कोन हाय का न्हाई त्यांच्या? असं एकलं सोडूने मानसाला."

मी तिला ह्यांचा कुरव वर्णन करून सांगू लागले. पांढरा, असा एवढा, चोच तांबडी. तिनं मला मधेच तोडलं. "त्ये व्हय! कानामागं काळी तीट लावल्यावानी असतंय, त्ये. मेलं मांजरावानी वराडतंय. दोन हायेत. थंडी पडली की येत्यात."

कानामागची तीट! ह्यांनी पत्रात अगदी हेच लिहिलं होतं आणि मी हसून म्हटलं होतं, दृष्ट लागेल म्हणून आईनं लावली असेल. म्हणजे माझा नवरा खरंच बोलत होता. बगळाबिगळा काही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी म्हातारीचे हात धरले.

"कुठं बसतात गं?"

"कुटं म्हंजी? माज्या खाचरावर. सकाळच्या पारी."

म्हटलं, चला, काम झालं. तिचं खाचर कुठं, हे विचारायचं मला सुचलं नाही. पाहुणे आले की दुसऱ्या पहाटे येऊन घेऊन जायचं तिनं कबूल केलं, पण एका अटीवर. मास्तरीणबाई बरोबर हव्यात. "त्या पाव्हन्याचा काय भरवसा न्हाई," ती म्हणाली.

प्रोफेसर पौडापर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं आले. डोक्यावर पुणेरी पगडी, अंगात लांब कोट, पांढरं स्वच्छ धोतर, पायांत बूट आणि गळ्यात चामड्याची एक पेटी. ती दुर्बिणीची. हे पाया पडले. प्रोफेसरांनी ह्यांना उठवलं आणि म्हणाले, "तुमची प्रतिज्ञा वाचली. न दिसल्यास पक्षी पाहणं सोडणार. इतका निश्चय आहे तर पाहूच."

हे गोंधळले. मग ह्यांची नजर माझ्याकडे वळली. मी चुलीत फुंकायला लागले, पेटलेल्या चुलीत. ह्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता होणार तमाशा. पण हे शांतपणे म्हणाले, "हो. लिहिलं होतं मी."

एवढंच बोलले. पण चेहरा असा उतरला की मला माझ्या कपटाची शिसारी आली. दोन्हीकडून आपलंच म्हणणारी मी! ह्या माणसाकडे दुसरं होतं काय? ना चांगला पगार, ना धड घर, ना समुद्र. ती एका नळीची दुर्बीण होती आणि सकाळची दोन घटका पाखरं. तीच मी पैजेवर लावून बसले होते. रात्री पुरणपोळ्या वाढताना मी ह्यांच्या पानात तूप दोनदा वाढलं. प्रोफेसरांनी मात्र सात खाल्ल्या आणि दर पोळीगणिक कुरव घाटावर का येऊ शकत नाही याचं एकेक कारण दिलं.

उजाडायच्या सुमाराला म्हातारी दारात हजर. कमरेला गोफण.

"आजी, गोफण ठेव घरी."

"मोकळ्या हातानं रानात कशी येऊ? लोकं काय म्हनतील?"

शेवटी तडजोड झाली. गोफण मी घ्यायची. मी ती लुगड्याच्या कमरेला खोचली आणि निघालो. प्रोफेसर आणि हे दोघंही पांढऱ्या धोतरात. म्हातारी म्हणाली, असल्या कपड्यानं पाखरं पळतील, मेंढक्यांना ती भीत नाहीत. म्हणून वरच्या धनगरवाड्यावरून तिनं तीन घोंगड्या मागून आणल्या होत्या. प्रोफेसरांनी पगडीवरून घोंगडी घेतली. घोंगडीला मेंढ्यांचा जो वास होता त्यानं त्यांना लागोपाठ सहा शिंका आल्या.

उतारावरून जाताना प्रोफेसरांनी आम्हाला पक्षी पाहण्याचा पहिला नियम सांगितला. तो म्हणजे मौन. मौन का पाळावं, ते न पाळल्यानं थोरामोठ्यांचे कोणकोणते पक्षी उडून गेले, मौनाचे प्रकार किती, हे सगळं ते पाण्यापर्यंत खड्या आवाजात सांगत होते. त्या आवाजानं दोन टिटव्या, एक ढोकरी आणि झुडपातले कितीतरी सातभाई उडून गेले. म्हातारी माझ्या कानाशी म्हणाली, "ह्यास्नी राखनीला ठिवलं तर गोफन बी नगं."

काठाशी आल्यावर म्हातारी थांबली. पुढं नुसतं पाणी होतं. त्यावर धुकं. आत बऱ्याच लांब, बुडालेल्या आंब्याचं एक तुटकं खोड तेवढं वर आलेलं.

"खाचर कुठंय?" ह्यांनी विचारलं.

"ह्ये काय," म्हातारीनं पाण्याकडे बोट केलं. "त्यो आंबा दिसतोय न्हवं, त्यो माज्या बांधावरचा. त्याच्या अलीकडचं समदं खाचर."

म्हातारीला त्यात काही बोलण्यासारखं वाटत नव्हतं. घर दाखवावं तसं तिनं ते दाखवलं होतं.

प्रोफेसरांनी गळ्यातली पेटी उघडली. आत दुर्बीण नव्हती, चिवडा होता. दिवाळीचा, काजू घातलेला. त्यांच्या घरच्या मंडळींनी प्रवासात उपाशी राहू नये म्हणून भरून दिला होता आणि जागा करण्यासाठी दुर्बीण बाहेर काढून ठेवली होती. ती बाई मी कधी पाहिली नाही, पण त्या क्षणी ती मला सख्ख्या बहिणीसारखी वाटली. आता सगळी मदार ह्यांच्या एका नळीवर आली. आम्ही चौघं काठावरच्या गवतात घोंगड्या ओढून पालथे पडलो. तीन घोंगड्यांत चौघं, म्हणजे मी आणि म्हातारी एकीत.

हळूहळू पाखरं आली. आधी बदकं, मग काळ्या अंगाच्या पांढऱ्या कपाळाच्या पाणकोंबड्या. प्रोफेसर झरझर वहीत लिहीत होते. सगळं कसं छान चाललं होतं. एवढ्यात मागच्या चढावर, जिथं उशिरा पिकणारं गरवं भात अजून उभं होतं, तिकडे पोपटांचा एक थवा गेला. म्हातारीनं तो डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, नुसता आवाज ऐकला. आणि माझ्या कानाला लागूनच ती ओरडली, "हाऽऽ होऽऽ! हाऽऽ होऽऽ!"

मला वाटलं, माझं डोकं फुटलं. पाण्यावरचं एकूणएक पाखरू उठून पलीकडच्या काठाला गेलं. प्रोफेसर घोंगडीतून बाहेर आले. त्यांची पगडी तिरकी झाली होती.

"ही कोण बाई आणली आहे तुम्ही?"

"पाखरांची जाणकार आहे," हे क्षीण आवाजात म्हणाले.

"चुकी झाली," म्हातारी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "त्वांड ऐकत न्हाई हो माजं." मग तिनं आपणहून पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मला तो हातानं धरून ठेवायला सांगितलं. असे आम्ही परत पडून राहिलो. मी एका हातानं म्हातारीचं तोंड धरून, आणि मनातल्या मनात ग्रामदेवतेला नारळ बोलून. आधी एक बोलले. ऊन वर येऊ लागलं तशी पाचावर गेले.

आणि ते आले. धुक्यातून दोन पांढरे पक्षी सावकाश आले, एक गोल घेतला आणि आंब्याच्या खोडाजवळ उतरले. एक खोडावर, एक पाण्यावर. ह्यांचा हात नुसता लांब झाला.

प्रोफेसरांनी नळीला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. नळी पुसली, पुन्हा पाहिलं.

"पांढरा आहे एवढं खरं," ते म्हणाले. "पांढरा बगळाही असतो."

"कानामागचा ठिपका पाहा ना, गुरुजी."

"या नळीतून मला तुमच्या मामांच्या आगबोटीचं मीठ तेवढं दिसतंय. बसलेल्या पक्ष्यावर मी शब्द देत नसतो. कुरवाच्या पंखांची टोकं काळी असतात, ती उडतानाच दिसतात. उडू दे, मग सांगतो."

कुरव काही उडेनात. म्हातारी ओरडल्यावर उडालेली सगळी पाखरं परत आली, पोहली, भांडली, परत गेली. हे दोघं आपले बसून. पाण्यावरच्यानं तर चोच पाठीत खुपसून झोप काढायला सुरुवात केली. जगात एवढी पाखरं न उडवायची धडपड चाललेली असताना ही दोन उडावीत म्हणून आम्ही देवाला आळवत होतो. वर रस्त्यावर गाडीवाला बैल जुंपून हाका मारू लागला, कारण पौडाहून मोटार वेळेवर सुटते. प्रोफेसरांनी वही मिटली.

"मला वाईट वाटतं," ते ह्यांना म्हणाले. आणि खरंच त्यांना वाटत असावं. "पण जे मला दिसलं नाही ते मी दिसलं म्हणणार नाही. तुमची प्रतिज्ञा तुम्ही पाळा किंवा पाळू नका, मी काही विचारायला येणार नाही."

"पाळीन," हे म्हणाले. आणि दुर्बीण तिच्या फडक्यात गुंडाळू लागले.

ते फडकं गुंडाळणं मला बघवेना. मी म्हातारीच्या तोंडातला बोळा काढला, कमरेची गोफण काढली आणि तिच्या हातात दिली.

"आजी, उडव."

"अगं, दगड?" हे ओरडले. "माझ्या कुरवांवर?"

"कदापि नाही!" प्रोफेसर म्हणाले.

ह्यांचं न ऐकता मी आयुष्यात ज्या गोष्टी केल्या त्यांची यादी मोठी आहे, पण त्यातली ही सगळ्यांत वरची. म्हातारी उठून उभी राहिली होती. तिनं ओटीतून एक खडा निवडला आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "भिऊ नगा मास्तर. चाळीस वरसात येका पाखराला खडा लागला न्हाई. पाखरू मारलं तर खाचराला पाप लागतंया. उडवायचं, मारायचं न्हाई." मग मला विचारलं, "कुनीकडं उडवू?"

"आमच्या डोक्यावरून!"

"बरं," ती म्हणाली. जशी काही भाजी कुठून चिरू म्हणून विचारलं होतं. गोफण तिच्या डोक्याभोवती तीनदा फिरली आणि खडा खोडाच्या पलीकडे, कुरवांच्या मागे, पाण्यात पडला. दोन्ही कुरव दचकून उठले आणि आवाजापासून दूर, म्हणजे थेट आमच्या अंगावर आले. इतक्या खालून गेले की दुर्बीण लागलीच नाही. पंखांची टोकं काळी कुळकुळीत, त्यांत पांढरे ठिपके, कानामागं तीट, पाय तांबडे. आणि जाताना ओरडले. मांजरासारखे म्हणा, लहान मुलासारखे म्हणा. मी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण हे इतकी वर्षं ज्याच्याविषयी बोलत होते ते काय आहे, ते मला त्या ओरडण्यात कळल्यासारखं झालं आणि माझे डोळे भरून आले.

प्रोफेसर घोंगडी टाकून उभे होते, उघड्या डोक्यानं. पगडी गवतात. "कुरव!" ते ओरडत होते. "अहो कुरव! मुळशीत कुरव!" मौनाचे सगळे प्रकार विसरून त्यांनी ह्यांना मिठी मारली. हे हसत होते, रडत होते आणि मधूनच माझ्याकडे बघत होते. ते बघणं मी जपून ठेवलं आहे, त्याविषयी लिहीत नाही.

ह्या गडबडीत म्हातारी काय करते आहे इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गोफणीचा आवाज आला म्हणून मी वळले. तिनं दुसरा खडा घातला होता. मग तिसरा. बदकं, पाणकोंबड्या, जे काही पाण्यावर होतं ते ती एकेक उठवत होती. डावीकडून सुरुवात करून, बांधाबांधानं, शिस्तीत.

"आजी, पुरे आता. झालं काम."

"तुमचं झालं," ती म्हणाली. "माजं ऱ्हायलंय की. रोज सकाळी हितनंच सुरवात करते, मंग लोकांच्या खाचरावर जाते."

"पण आजी, इथं दाणा कुठाय आता? पाण्यावर बसली तर बसली बिचारी."

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो घरच्यांनी एकटा सोडलेला पाहुणा. "आता दाना न्हाई, ठावं हाय मला. पर येकदा का बसायची सवं लागली की मोडत न्हाई. उद्या पानी हटलं, मी भात लावलं, मंग?"

प्रोफेसर वही उघडून उभे होते. पक्षी लिहिला होता, वेळ लिहिली होती. स्थळ लिहायचं राहिलं होतं. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून वही मिटली. मग चिवड्याची पेटी तिच्यापुढे धरली. म्हातारीनं मूठभर घेतला, त्यातले काजू वेचून प्रोफेसरांना परत दिले. तिला ते कच्चे शेंगदाणे वाटले.

आठ दिवसांनी कार्ड आलं. अर्थात आधी पारावर वाचलं गेलं. तिथून टपालवाला ते हातात उंच धरून, मागं निम्मं गाव घेऊन आमच्या दारात आला. प्रोफेसरांनी लिहिलं होतं, "कुरवच. दोन. माझी चूक झाली, ती मान्य करतो. माझ्या नोंदवहीत खालीलप्रमाणे लिहिले आहे. पक्षी पाहणारा, तुम्ही. स्थळ, म्हातारीचे खाचर, हल्ली पाण्याखाली. पक्षी पाहणे सोडू नये."

ह्यांनी ते कार्ड किती वेळा वाचलं असेल! सुतारानं चौकट करून द्यायचं कबूलही केलं. देवाच्या फळीखाली, जिथं येणाऱ्याजाणाऱ्याची नजर जाईल, तिथं खिळा ठोकून झाला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. पारावर ऐकून आली होती. उंबऱ्याशी बसली आणि ह्यांना म्हणाली, "मास्तर, त्ये वाचा वाईच."

ह्यांनी वाचलं.

"खाचर म्हनून लिवलंय?"

"हो."

"माजं म्हनून?"

"हो. म्हातारीचं खाचर."

"तलाठ्याच्या कागदात तितं नुसतं पानी लिवलंय," ती म्हणाली. तिनं मागितलं नाही. तिची मागायची पद्धतच नव्हती. नुसती त्या कार्डाकडे बघत राहिली.

हे उठले. खिळ्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान हलवली. ह्यांनी कार्ड दोन्ही हातांनी म्हातारीला दिलं. तिनं ते उलटसुलट पाहून, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत, सुपारीच्या खांडांशेजारी ठेवलं आणि पिशवीची दोरी ओढून घट्ट केली.

त्यामुळे माझा नवरा खरं बोलत होता याचा लेखी पुरावा आमच्या घरात नाही. खिळा आहे. त्याला मी गाळणं अडकवते.

म्हातारी जायला उठली तेव्हा ह्यांनी जरा चाचरतच विचारलं, "आजी, आता तरी माझ्या कुरवांना तिथं बसू देशील ना?"

म्हातारीनं खरोखर विचार केला. "न्हाई," ती म्हणाली. "खाचर त्ये खाचर. पर तुमची पाखरं हायेत, म्हून शेवटाला उठवीन."